मागं राहिलेली अक्षरं

लग्नाचं शूटिंग जोडून देणाऱ्या दुकानात सबटायटलचं काम कुठून येतं, असं पुण्याच्या एका पाहुण्यांनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, आमच्या सीमेवरच्या हुमनाबादला येऊन एक लग्न बघा. नवरी उदगीरची, नवरा सेडमचा, नवऱ्याची बहीण हैदराबादेत दिलेली. मामा कन्नडमधून आशीर्वाद देतो, काकू मराठीत उखाणा घेते आणि पंगतीत सगळे मिळून दखनीत भांडतात. पुढं त्याच घरातलं कोणीतरी परदेशात बसून ती डीव्हीडी लावतं आणि फोनवर विचारतं, "मामा काय बोलायलेत?" मग ते लोक माझ्याकडं यायचे. आता डीव्हीडीच गेली. पण ती होती तोवर आमच्या भागात खालची अक्षरं घालून देणारी मी एकटीच होते, असं म्हटलं तर त्यात फारशी बढाई नाही.

आमचं दुकान बसस्टँडच्या मागच्या रस्त्याला. आमचे हे कॅमेरा घेऊन मांडवात जायचे आणि मी दुकानात मिक्सिंगला बसायचे. तुकडे जोडणं, गाणी टाकणं, नावं टाकणं, शेवटी डीव्हीडी काढणं, या सगळ्याला आमच्याकडं मिक्सिंगच म्हणतात. माझं माहेर ठाणाकुशनूर. घरी मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी आणि आजोळची माणसं आली की तेलुगू. आमच्या बौद्ध गल्लीत कम्प्युटर शिकलेली पहिली मुलगी मी, हे वडील येईल त्याला सांगायचे. पण धंद्यात मला कम्प्युटरपेक्षा या चार भाषाच जास्त कामी आल्या.

सबटायटलचं काम बाहेरच्याला सोपं वाटतं. बोललेलं ऐकायचं, लिहायचं, खाली चिकटवायचं. खरी मेहनत चिकटवण्यात आहे. अक्षरांची एक वेगळी फाइल असते. अमुक क्षणाला हे वाक्य दिसू दे, तमुक क्षणाला जाऊ दे, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. म्हणजे चित्राचं घड्याळ वेगळं आणि अक्षरांचं वेगळं. दोन्ही घड्याळं बरोबर चालली की बघणाऱ्याला अक्षरं आहेत हेसुद्धा जाणवत नाही. आमच्या कामाची शाबासकी ती एवढीच. त्यात डीव्हीडीवरची ही अक्षरं खरी अक्षरं नसतात, बारकी चित्रं असतात, आणि जुन्या सॉफ्टवेअरला आपली मराठी यायची नाही. 'किती' लिहिलं की वेलांटी भलतीकडंच जाऊन बसायची. मी एकेक ओळ दुसरीकडं लिहायचे, तिचं चित्र करायचे आणि ते चढवायचे.

सगळ्यात वाईट असायची मोबाइलवर घेतलेली फिल्म. डीव्हीडीला सेकंदाला पंचवीस चित्रं लागतात, कमी नाही, जास्त नाही. मोबाइल मात्र उजेड असला की जास्त, अंधार पडला की कमी, अशी मर्जीप्रमाणं चित्रं घेतो. अशी फाइल घाईनं डीव्हीडीत बसवली की कधी कधी चित्र जरा भरभर पळतं आणि लवकर संपतं. अक्षरं मूळ फाइलच्या घड्याळावर लावलेली, त्यामुळं ती मागं पडतात. पहिल्या मिनिटाला कोणाला कळत नाही. शेवटाकडं माणूस बोलून गप्प होतो आणि मग त्याचं वाक्य येतं. तोवर पडद्यावर दुसराच कोणीतरी असतो.

एकदा असल्याच कारणानं आम्ही खूप हसलो होतो. एका मठातलं कन्नड प्रवचन होतं, उदगीरकडच्या मराठी भक्तांसाठी दुसऱ्या कुठल्यातरी दुकानातून डीव्हीडी काढलेली. स्वामीजींनी आधी एका कंजूष शेटजीची गोष्ट सांगितली आणि मग एका आईच्या मरणाची. अक्षरं मागं पडली, आणि आईनं डोळे मिटले तेव्हा खाली शेटजीचं धोतर फाटत होतं. भक्त मंडळी हसली. मठातून डीव्हीडी माझ्याकडं दुरुस्तीला आली. अक्षरं उशिरा आल्यानं कोणाच्या घराची राख होऊ शकते, हे तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

एका दुपारी रेणुका दुकानात आली. कडेवर धाकटी पोरगी, हातात एक डीव्हीडी. ती महादेवची बायको, एवढी ओळख होती. महादेव औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकलच्या कारखान्यात ठेकेदाराकडं कामाला होता. त्याच्याच गल्लीतला, त्याच्याच पाळीला जाणारा शिवराज काही महिन्यांपूर्वी कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीत उतरला आणि गॅसनं गुदमरून आतच गेला. गावात सगळ्यांना माहीत होतं. लग्न ठरायच्या वयाचा पोरगा.

रेणुकानं डीव्हीडी टेबलावर ठेवली. "सुजाताक्का, ही बघा. माझा मालक असं बोलला न्हाई."

"कसं बोलला न्हाई?"

"खाली लिहिलंय तसं. तुम्हाला ते कळतं म्हणत्यात, म्हणून आले. गल्लीत कोणी बोलंना आमच्याशी. किराणावाला माझ्या हातात पैसे घेईना, तिथं ठेव म्हणतो. आन् निर्मलाक्का रोज सकाळी येऊन आमच्या दारासमोर बसायली. काहीच बोलत न्हाई. नुसतं दाराकडं बघती. पोरी भेत्यात."

निर्मलाक्का ही शिवराजची आई. तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. तिचं माहेर मादन हिप्परगा. तिथल्या मराठी शाळेत असताना तापात तिचे कान गेले. तोवर लिहायला-वाचायला आलं होतं, बोलणं आलं होतं, म्हणून ती बोलायची. पण स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं त्यात चढ-उतार नव्हता. रागाचं आणि लाडाचं वाक्य एकाच पट्टीत. समोरच्याचे ओठ बघून तिला मराठी समजायची, कन्नड फारशी नाही. नवरा लवकर गेला. शिवणकामावर तिनं शिवराजला मोठं केलं, आणि शिवराज तिचे कान झाला. बाहेर कोण काय म्हणतं ते तो तिला ओठांनी आणि हातांनी सांगायचा. त्या दोघांच्या हातांची एक भाषाच होती.

डीव्हीडीचं असं झालं होतं. ज्या दिवशी शिवराज गेला, त्याच दिवशी त्यानं एका सोबत्याला स्वतःचा मोबाइल देऊन शूटिंग करायला सांगितलं होतं. आईला दाखवायचं होतं, मी काम करतो ती जागा अशी आहे. क्लिप मोठी आहे. टाकीत उतरायचं ठरलं, तेवढं बोलणं त्यात आलं आणि तिथंच क्लिप संपली. शूटिंग करणारा पोरगा त्या दिवसानंतर घाबरून तेलंगणात निघून गेला. मोबाइल निर्मलाक्काला मिळाला. पण क्लिपमध्ये सगळे कन्नड आणि दखनीत बोलत होते, आणि टाकीजवळ तर सगळ्यांनी वासामुळं नाकातोंडाला दस्त्या, म्हणजे हातरुमाल, बांधलेल्या. ओठच दिसत नव्हते. तिच्या भावानं ती क्लिप कलबुर्गीच्या एका दुकानात नेली, खाली मराठी अक्षरं घालून घेतली आणि घरच्या टीव्हीवर दिसावी म्हणून डीव्हीडी काढून आणली. गल्लीतल्या बायका, पुरुष, सगळ्यांनी ती तिच्या घरी बसून बघितली.

मीही रेणुकासमोरच ती लावली. दुकानदारानं पूर्ण फिल्मवर एक रडकं गाणं चढवलं होतं. कारखान्याची घरघर झाकायला असेल, पण त्यात माणसांचं बोलणंही बुडालं होतं. कान असलेल्यांनासुद्धा अक्षरांवरच विसंबावं लागत होतं.

पहिल्यांदा शिवराज एकटा दिसतो. कॅमेऱ्याकडं बघून हातांनी आईशी बोलतो आणि तोंडानं मित्राला त्याचा अर्थ सांगतो. खाली बरोबर अक्षरं येतात. मग चहा. एकाच्या हातून पेला पडतो, सगळे हसतात, हसून संपतात, आणि मग खाली येतं, 'अरे सांडला बघ.' तिथंच मी सावध झाले. पुढं टाकी. कॅमेरा एका दस्ती बांधलेल्या माणसावर, तो ठेकेदाराचा मुकादम. मग महादेववर. त्याच्या चित्राखाली अक्षरं येतात, 'पाच मिनिटांचं काम आहे. दस्ती बांधा आणि उतरा.' मग कॅमेरा शिवराजवर, आणि खाली येतं, 'वास फार आहे. आधी पंखा लावा.' मग टाकीचं तोंड दिसतं आणि फिल्म संपते.

बघणाऱ्याला काय वाटणार? पोरगा म्हणतोय पंखा लावा, आणि महादेव म्हणतोय उतर.

"मालकाला विचारलीस का?" मी रेणुकाला म्हटलं.

"विचारले की. मान खाली घालून बसत्यात. लोकांनी विचारलं तरी तसंच. न्हाई म्हणत न्हाईत, म्हणून लोक व्हय धरायलेत."

त्या कलबुर्गीच्या दुकानदाराला मी नावं ठेवणार नाही. त्यानं प्रत्येक वाक्य बरोबर लिहिलं होतं. फक्त सुरुवात तपासली असणार. मलाही खात्री करायची होती, आणि त्यासाठी गाणं न चढवलेली मूळ क्लिप हवी होती. ती निर्मलाक्काकडं होती.

मी तिच्याकडं गेले तेव्हा ती मशीनवर ब्लाउज शिवत होती. समोर जाऊन, तिला ओठ दिसतील असं उभं राहून मी सांगितलं, "निर्मलाक्का, सीडीतली अक्षरं मागं पडल्यात. मला मोबाइलमधली क्लिप द्या. मी नीट करून देते."

तिनं पाय थांबवला. "तुला कोणी पाठवलं? रेणुकानं?"

"व्हय."

मी खोटं बोलले असते तर तिनं ते चेहऱ्यावर वाचलं असतं. ती म्हणाली, "म्हणजे सीडी खोटी हाय?"

"खोटी न्हाई. उशिरा हाय." हे तिला कसं समजवावं ते मला कळेना. तिच्या मशीनवरचा ब्लाउज मी हातात घेतला. "हे कापड आटलं आन् अस्तर आटलं न्हाई तर काय होतं?"

"अस्तर खाली लोंबतं."

"तसं झालंय. चित्र आटलंय. अक्षरं जुन्याच मापाची हायत. वरच्या बाजूला शिवण बरोबर दिसती, खाली येईस्तोवर सगळं सरकतं."

ते तिला लगेच समजलं. समजल्यावर तिचा चेहरा जास्तच कठीण झाला. "मग खाली लोंबलेलं काय हाय? काय दिसत न्हाई मला?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. फिल्म आधी संपली तर शेवटचं वाक्य कुठं गेलं? ते पडद्यावर आलेलंच नसणार. मी म्हटलं, "ऐकल्याशिवाय सांगता येत न्हाई."

तिनं कपाटातून मोबाइल काढला, फडक्यात गुंडाळलेला. त्यातलं मेमरी कार्ड काढून माझ्या हातावर ठेवलं आणि माझी मूठ दाबून धरली. "माझ्या लेकराचं बोलणं हाय. त्यातलं मला सगळं पायजे. बरं असू दे, वाईट असू दे. काही काढायचं न्हाई, काही घालायचं न्हाई."

दुकानात येऊन मी कानाला हेडफोन लावून मूळ क्लिप ऐकली. पंपाच्या घरघरीत, दस्तीआडून, पण शब्द स्पष्ट होते. मुकादम दखनीत म्हणतो, पाच मिनिटांचं काम आहे, दस्ती बांधा आणि उतरा. महादेव कन्नडमध्ये म्हणतो, वास फार आहे, आधी पंखा लावा. मग कॅमेरा शिवराजवर येतो. आणि शिवराज महादेवला म्हणतो, "अण्णा, तू थांब. तुझ्या पोरी बारक्या आहेत. मी उतरतो." कलबुर्गीच्या दुकानदारानं हेही वाक्य लिहिलेलं असणार. पण त्याची वेळ येईपर्यंत चित्र संपलं होतं. मागं पडत पडत ते वाक्य फिल्मच्या बाहेर पडलं होतं.

मी हेडफोन काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी महादेव आला. मी त्याला बोलावलं नव्हतं, रेणुकानं सांगितलं असणार. दाढी वाढलेली, शर्ट अंगावर लोंबणारा. आत ये म्हटलं तरी पायरीवरच उभा राहिला.

"अक्का, ती सीडी हाय तशी राहू द्या."

"कामून? तुझ्यावर आळ आलाय. तू तर पंखा लावा म्हणला होतास."

"म्हणलो होतो." तो रस्त्याकडं बघत बोलत होता. "पण निर्मलाक्काला बसायला एक दार तरी हाय आता. ते बी काढून घेतलं तर कुठं जाईल ती?"

"आन् तुझ्या पोरी? रेणुका?"

तो रस्त्याकडंच बघत होता. मी म्हटलं, "महादेव, जे तू बोललाच न्हाईस ते कामून अंगावर घ्यायलास?"

तेव्हा तो पायरीवर खाली बसला. "मी उतर म्हणलो न्हाई, खरं हाय. पण उतरू नको बी म्हणलो न्हाई. शिवा म्हणला तू थांब, आन् मी थांबलो. अक्का, मला बरं वाटलं त्या टायमाला. त्यो उतरायला लागला तवा मला आतून बरं वाटलं. आता सांगा, सीडीत चूक काय हाय?"

मी पाणी दिलं. ते न पिताच तो उठला.

त्याचं ऐकावं की नाही, यावर मी खूप विचार केला. आमच्या ह्यांचंही मत होतं की आपण कशाला यात पडायचं. पण निर्मलाक्कानं माझी मूठ दाबून सांगितलं होतं, सगळं पायजे. शिवराज बोलला ते तिच्यासाठी नव्हतं, तरी ऐकण्याचा हक्क तिच्याइतका कोणाचाच नव्हता. आणि रेणुकाच्या पोरींनी दार लावून किती दिवस बसायचं?

मी काम केलं. आधी क्लिप नीट पंचवीस चित्रांच्या मापात बसवली, तयार झालेल्या फिल्मवर नव्यानं एकेक ओळ लावली, आणि सुरुवात, मध्य, शेवट तिन्ही ठिकाणी तपासलं. गाणं घातलं नाही. इतकं काळजीपूर्वक काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही, आणि इतकं नकोसंही.

निर्मलाक्काच्या घरी मी एकटीच गेले. तिनं दार लावून घेतलं, गल्लीतलं कोणी येऊ नये म्हणून. टीव्हीसमोर जमिनीवर बसली. शिवराजचे हात दिसले तसे तिचेही हात मांडीवर जरा जरा हलायला लागले. चहा सांडला आणि त्याच क्षणी अक्षरं आली. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, अस्तर बसलं, अशा अर्थानं मान हलवली.

मुकादम. खाली, दस्ती बांधा आणि उतरा. तिचे हात थांबले.

महादेव. खाली, आधी पंखा लावा.

मग शिवराज. आणि जे वाक्य तिनं कधी बघितलंच नव्हतं ते.

फिल्म संपली. तिनं बोटानं खूण केली, परत. मी परत लावली. पुन्हा खूण केली. किती वेळा लावली ते आठवत नाही. शेवटी तिनं रिमोट माझ्या हातातून घेतला आणि शिवराजच्या चेहऱ्यावर चित्र थांबवलं. दस्तीच्या वर नुसते डोळे.

"हे त्योच बोललाय? तू घातली न्हाईस ना?"

"त्योच बोललाय."

"आवाज कसा हाय त्याचा? भ्यालाय का?"

मी सांगितलं, "न्हाई. हसत बोललाय." ते खरंच होतं. त्या वाक्यात हसू होतं.

ती त्या सपाट आवाजात म्हणाली, "त्याला महादेवच्या पोरी दिसल्या. मी न्हाई दिसले."

मी तिच्याजवळ बसले होते. काही बोलले असते तरी तिला कळलं नसतं, कारण ती माझ्या ओठांकडं बघतच नव्हती. बाहेर कोणीतरी दार वाजवलं, ते मला ऐकू आलं, तिला नाही. मी उठले नाही.

त्यानंतर ती महादेवच्या दारासमोर बसायला गेली नाही. तिच्या भावानं नवी डीव्हीडी वकिलाकडं दिली. वकील चांगला माणूस होता, त्यानं मला बोलावून सगळं समजून घेतलं. पण मुकादमानं सांगितलं, दस्ती बांधलेला तो माणूस मी नव्हेच. शूटिंग करणारा पोरगा सापडला नाही. महादेवनं साक्ष दिली, पण लोक म्हणाले, स्वतःला सोडवायला बोलतोय. मुकादम अजून वसाहतीतच दुसऱ्या ठिकाणी कामाला आहे. नाक्यावरच्या धाब्यावर चहा पिताना मी त्याला बघते. प्रकरण कुठं अडलंय, ते मला नीट ठाऊक नाही.

गल्लीनं महादेवची माफी मागितली नाही. हळूहळू बोलायला लागले, एवढंच. किराणावाला रेणुकाच्या हातातून पैसे घ्यायला लागला. मला वाटलं होतं, महादेवला जरा हलकं वाटेल. झालं उलटंच. दारासमोर ती बसायची तोवर तो निदान घरात बसून असायचा. ती यायची थांबली आणि त्याला घरात बसवेना. पहाटेच उठून वसाहतीच्या रस्त्यानं जायचा, कारखान्याच्या फाटकापर्यंत, आणि परत यायचा. शेवटी रेणुकाच्या भावानं हैदराबादेत वॉचमनची नोकरी बघितली. दोन पोरी, दोन पेट्या आणि एक गॅसची शेगडी घेऊन ते निघाले.

रेणुका जायच्या आधी दुकानात भेटायला आली, म्हणून मी स्टँडपर्यंत गेले. हैदराबादची बस लागली होती. सामान वर चढलं. महादेव खिडकीशी बसला, धाकटी त्याच्या मांडीवर, मोठी रेणुकाजवळ. तेवढ्यात मला लॉऱ्यांच्या मधून निर्मलाक्का येताना दिसली. डोक्यावरून पदर, पायात चपला नाहीत. तिला कोणी सांगितलं ते माहीत नाही.

ती थेट खिडकीखाली येऊन उभी राहिली. मोठी पोरगी आईच्या मागं लपली. निर्मलाक्कानं हात वर करून खिडकीच्या गजातून धाकटीचा पाय धरला, बाळाचा धरतात तसा, मुठीत. पोरगी रडली नाही. निर्मलाक्का तिच्याकडं बघत राहिली, मग मोठीकडं. शेवटी महादेवकडं बघून बोलली. आपला आवाज किती मोठा आहे ते तिला कळायचं नाही. पुऱ्या बसला ऐकू गेलं.

"नीट संभाळ ह्यांला. लई महाग हायत ह्या."

महादेवनं मान वर केली आणि काहीतरी बोलला. त्याच वेळी बस सुरू झाली, ड्रायव्हरनं हॉर्न दाबला आणि खिडकी पुढं सरकली. निर्मलाक्काच्या हातातून पोरीचा पाय सुटला. ती दोन पावलं बसबरोबर चालली, त्याचे ओठ दिसतील म्हणून. दिसले नाहीत.

बस निघून गेल्यावर तिनं माझा दंड धरला. "काय म्हणला?"

मलाही ऐकू आलं नव्हतं. मी तिला तसंच सांगितलं.